पक्की वही

मुंगी आता काही लिहीत नाही, ही गोष्ट बाईंच्या मनातून जाता जात नव्हती.

लेकीबद्दल हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. मुलगी जेवत नाही, झोपत नाही, माणसांत मिसळत नाही, अशा काळज्या लोकांना कळतात. लिहीत नाही यात काय एवढं? पण बाईंनी परवा शेतावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शेडमध्ये वजनकाट्याशेजारी भिंतीवर एक खिळा आहे. त्या खिळ्याला चार वर्षं दोरीने बांधलेली पेन्सिल लटकते आणि तिच्याखाली फळीवर वही असते. पेन्सिल होती, वही नव्हती. मुंगीने कोबीचे क्रेट एकामागून एक काट्यावर ठेवले, आकडा तोंडाने म्हटला आणि क्रेट उचलून बाजूला ठेवला.

"अगं, लिहून ठेव ना," बाई म्हणाल्या.

"कशाला?" मुंगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरभर सतत काहीतरी उचलून नेत असायची, म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. बटणं, बिया, पिसं, पडलेले दुधाचे दात, वडिलांच्या घड्याळांचे काटे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि त्यांच्या दुकानातला मिनिटकाटा हरवला की सरळ मुंगीच्या कंपासपेटीत सापडायचा. आणि नेलेल्या प्रत्येक गोष्टीची तिच्याकडे नोंद असायची. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर वाकड्यातिकड्या अक्षरात: "आज खिडकीत दोन कावळे. एकाला नख नाही." बाईंना त्या मागच्या पानांचा भारी राग. बाई स्वतः शाळेत बत्तीस वर्षं शिकवत होत्या आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं. गावातल्या निम्म्या प्रमाणपत्रांवरची नावं त्यांनी लिहिलेली. वर्गात त्यांचा नियम ठरलेला होता: कच्च्या वहीत वाटेल तो गोंधळ घाला, पण बाईंच्या टेबलावर येताना पक्की वहीच आली पाहिजे. समास आखलेला, खाडाखोड नाही, एकाच शाईत. मुंगीची पक्की वही कधीच वेळेवर आली नाही. कच्ची मात्र भरून वाहायची.

पुढे ती माती शिकली. शिकून एका प्रयोगशाळेत लागली आणि आठ वर्षं लोकांच्या शेतांतून आलेल्या मातीच्या पुड्या फोडून तपासत राहिली. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "दुसऱ्यांची माती पुडीतून किती दिवस बघायची?" आणि कालव्यापलीकडची पाच एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली. ती जमीन पाहून बाई बांधावरच थांबल्या होत्या. आधीच्या माणसाने खतं आणि औषधं ओतून ओतून तिची पार दशा करून टाकलेली. ढेकूळ उचललं तर विटेसारखं. वडील म्हणाले, "मुंगीने डोंगर उचलायचा ठरवलाय. आपण बाजूला उभं राहू, नाहीतर आपल्यावरच पडायचा."

पहिल्या वर्षी फारसं काही उगवलं नाही. उगवल्या त्या वह्या. पाऊस किती, दव किती वाजेपर्यंत राहिलं, कुठल्या ओळीत गांडूळ दिसलं, पालापाचोळ्याचा ढीग किती दिवसांत कुजला, बांधावरच्या झाडात कुठला पक्षी आला. चिखलाचे डाग, चहाचे गोल, मध्येच एखादं पान चिकटपट्टीने लावलेलं, एका पानावर चिरडलेली अळी आणि तिच्याखाली "हीच ती." चार वर्षांत अशा सहा वह्या झाल्या. आणि माती बदलली. बाईंना शेतीतलं कळत नाही, पण तिसऱ्या वर्षी त्या शेतात अनवाणी उभ्या राहिल्या तेव्हा पाय आत गेले. तेवढं त्यांना कळलं.

मग सरकारी योजना आली. माती जिवंत ठेवून, रसायनांशिवाय शेती करणाऱ्यांना अनुदान. शेततळं, कुंपणाची झाडं, खताची शेड. पण मुंगीला त्याहून मोठी गोष्ट दिसत होती. जमिनीचा मालक दूर राहायचा, आणि शेजारचा वीटभट्टीवाला त्याच्या मागे लागला होता. मालकाने फोनवर सरळ सांगितलं होतं: "तू योजनेत बसलीस तर दहा वर्षं जमीन तुझी. नाही बसलीस तर मग मला माझा विचार करू दे." म्हणजे योजनेत पात्र ठरली तर ती पाच एकर, नाहीतर चार वर्षं पोसलेली माती भट्टीत.

पात्रतेच्या अटींची पाच पानं मुंगीने शेडमध्ये उभ्याउभ्या वाचली आणि शेवटच्या पानावर येऊन हसायला लागली. "बाबा, बघा तरी. मागच्या तीन पूर्ण वर्षांच्या रोजच्या नोंदी हव्यात म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे आधीच आहे ते मागतंय."

"दाखव बरं," म्हणून बाईंनी वह्या मागितल्या. चाळल्या. आणि त्यांचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला.

"या अशा देणार तू? सरकारी कचेरीत?"

"आई, त्यांना नोंदी हव्यात. शुद्धलेखन नकोय."

"पाहुणे आले की आपण फाटकी चादर घालतो का पलंगावर? समोरच्याला वाचता तर आलं पाहिजे. मी उतरवून देते. पक्क्या वहीत. तू सही कर फक्त."

वडील शेडच्या दाराशी डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हेडबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण लाल पेन अजून नोकरीतच आहे."

मुंगी नको म्हणत होती. पण रोपं लावायचे दिवस होते, सकाळ संध्याकाळ वाफ्यांवर वाकलेली. तिसऱ्या दिवशी तिने वह्या एका पिशवीत घालून आणून दिल्या.

ते अकरा दिवस बाईंचे फार सुखाचे गेले. हे आठवलं की आता त्यांना स्वतःची लाज वाटते, पण गेले खरे. जेवणाच्या टेबलावर खिडकीजवळ बसायचं, डावीकडे मुंगीची कच्ची वही, उजवीकडे कोरी, जाड पुठ्ठ्याची. सवयीने आधी लाल पेनाने कच्ची वही तपासायची. ऱ्हस्वाचं दीर्घ, सुटलेले अनुस्वार, अपुरी वाक्यं. मग निळ्या शाईने उतरवायचं. लेकीचं तीन वर्षांचं आयुष्य असं हाताखालून जात होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, "आई आली होती. रोपांना पाणी घातलं. जास्तच." बाई हसल्या आणि ते गाळलं. सरकारला त्याचं काय?

मग तिसऱ्या वहीच्या मध्यावर, पावसानंतरच्या एका दिवशी, पेन्सिल जोरात दाबून लिहिलेल्या चार ओळी आल्या. "हरले. खालच्या कोबीवर औषध मारलं. दोनच ओळी, पण मारलं. कुणाला सांगावंसं वाटत नाही, पण लिहायचं तर आहे." आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेला: "त्या दोन ओळींना लाल चिंधी बांधली. त्यातला एकही गड्डा विकायचा नाही."

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना आठवलं, त्या आठवड्यात मुंगी घरी आली नव्हती. फोनवर म्हणाली होती, जरा अळी पडलीय. एवढंच. आपल्याला कळलंसुद्धा नाही, असं त्यांना वाटलं, आणि मग लगेच दुसरं वाटलं: हे कुणाला कशाला कळायला हवं? पाच एकरांतल्या दोन ओळी. चार वर्षांतला एक दिवस. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढ्यासाठी मुलीची सगळी मेहनत पाण्यात जाईल. त्यांनी लाल पेनाने त्या ओळींभोवती कंस केला आणि समासात लिहिलं, "गाळावे." दुसऱ्या दिवशीच्या नोंदीपुढेही तेच लिहिलं. पण पक्क्या वहीत तारीख रिकामी ठेवता येईना. रिकामी तारीख डोळ्यांत खुपते. म्हणून त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "कोबीची खुरपणी केली. हवा स्वच्छ." दुसऱ्या तारखेलाही असंच काहीतरी.

आयुष्यात कधी कॉपी न करणाऱ्या आणि न करू देणाऱ्या बाईंनी हे लिहिलं, आणि शाई वाळल्यावर पान उलटलं.

मुंगीने सही केली ती वजनकाट्यावर वही टेकवून, घाईत. "वाचून तरी बघ," बाई म्हणाल्या होत्या. आता वाटतं, ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं.

"तू लिहिलंयस. त्यात काय चुका असणार?"

तपासणीला जो अधिकारी आला तो बाईंचा विद्यार्थी निघाला. यात नवल नव्हतं; त्या भागातल्या कचेऱ्यांत दर तिसरा माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला. वर्गात याला सगळे बारक्या म्हणायचे. आता चांगला उंच झाला होता, केस मागे गेले होते. बाईंना पाहून वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही इथे? मग मला आपोआपच नीट उभं राहावं लागणार."

त्याने शेत पाहिलं. आणि मनापासून पाहिलं. कुदळीने तीन ठिकाणी खणलं, माती हातात घेऊन चुरली, वास घेतला, गांडुळं मोजली. बांधावरची झाडं पाहिली. मुंगी त्याच्याबरोबर चालत भराभर बोलत होती आणि बाई शेडमधून थर्मासातला चहा ओतता ओतता बघत होत्या. पोरगी इतकी बोलताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"मॅडम, माती छानच आहे," तो शेडमध्ये येऊन म्हणाला. "आता नोंदी बघू, म्हणजे झालं."

त्याने पक्की वही उघडली. दहा पानं चाळली, मग मधली, मग शेवटची. चाळण्याचा वेग कमी झाला.

"तीन वर्षं एकच पेन चाललं तुमचं?" तो हसून म्हणाला, पण हसू अर्धंच होतं.

मग त्याने पिशवीतून एक यादी काढली. शेतीच्या औषधांच्या दुकानांना कोण काय घेऊन गेलं ते कचेरीत कळवावं लागतं, ती यादी. त्यावर मुंगीचं नाव होतं. एक बाटली, एकदाच. त्याने तारीख पाहिली, वहीत ती तारीख काढली आणि मोठ्याने वाचलं: "कोबीची खुरपणी केली. हवा स्वच्छ."

बाहेर पाण्याचा पाइप कुठेतरी गळत होता, त्याचा आवाज येत होता.

बारक्याने वर पाहिलं. मुंगीकडे नाही, बाईंकडे. चार वर्षं त्याने हेच अक्षर फळ्यावरून उतरवून घेतलं होतं. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्याने विचारलं, वहीकडे बघत, जणू वहीलाच विचारतोय: "ही वही कुणी लिहिली?"

हा प्रश्न बाईंनी बत्तीस वर्षं विचारला होता. कुणी केलं, पुढे या. जो पुढे येईल त्याला शिक्षा नाही, हेही त्या सांगायच्या, आणि तो शब्द पाळायच्या. बारक्या थांबला होता. त्याने चांगला वेळ दिला. बाईंच्या हातात थर्मासचं झाकण होतं. त्या ते फिरवत राहिल्या. झाकण केव्हाच घट्ट बसलं होतं.

मुंगीने आईकडे एकदा पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं असणार. त्या तारखेला आपण स्वतः काय लिहिलं होतं ते तिला पक्कं माहीत होतं. मग ती म्हणाली, "वही माझी आहे. सही माझी आहे."

जाताना फाटकापाशी बारक्या बाईंजवळ थांबला. हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, औषध मारलं म्हणून कुणी बाद होत नाही. तसं लिहिलेलं असलं की तो तुकडा तेवढा वगळायचा आणि बाकीचं शेत पात्र. नियमातच आहे, चौथ्या पानावर. पण न लिहिलेल्याला मी कुठे बसवू?"

बाईंनी चौथं पान वाचलंच नव्हतं. नोंदी सुवाच्य असाव्यात, ही ओळ तेवढी वाचली होती.

पत्र आलं. नोंदी विश्वासार्ह नाहीत, अर्जदार अपात्र, पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. खाली बारीक अक्षरात: मूळ नोंदी असल्यास तीस दिवसांत फेरतपासणी मागता येईल.

त्या संध्याकाळी मुंगीचा फोन आला होता. पत्राबद्दल एक शब्द नाही, त्या दुपारबद्दल नाही. फक्त विचारलं, "आई, माझ्या जुन्या वह्या कुठे आहेत?"

आणि बाई म्हणाल्या, "अगं, त्या रद्दीत गेल्या."

पलीकडून एवढंच, "बरं."

वह्या रद्दीत गेलेल्या नव्हत्या. कपाटात जुन्या चादरींच्या खाली होत्या. पण त्या वह्या कचेरीत गेल्या असत्या तर प्रत्येक पानावर लाल शाई दिसली असती, आणि त्या पानावर कंस, आणि समासात ओळखू येणाऱ्या अक्षरात "गाळावे." आता जन्मभर कमावलेलं नाव एका शब्दापायी जाईल, असं त्या क्षणी वाटलं, आणि तोंडातून रद्दी निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं. मुंगीने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं, असं बाई स्वतःला समजावत होत्या. अठ्ठावीस दिवस झाले होते.

आज सकाळी थंडी वाजते म्हणून वडील जाडी चादर शोधायला कपाटात शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग पिशवी घेऊन आले आणि टेबलावर ठेवली.

"रद्दीवाला हल्ली आपल्या कपाटात राहायला आलाय वाटतं," ते म्हणाले.

वडिलांनी सवयीने भिंग लावलं आणि वह्या उलटू लागले. खूप वेळ गेला. त्या पानावर आले तेव्हा बाईंना कळलं, कारण त्यांचा हात थांबला. त्यांनी भिंग काढून पुसलं, पुन्हा लावलं.

"किती मार्क दिलेस तिला?"

"मी तिच्यासाठीच केलं हो."

"ते मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे, म्हणून तर गप्प आहे." त्यांनी वही बंद केली. "तिने तिची चूक लिहून ठेवली होती. राहिलीय ती तुझी. परवा मुदत संपते."

"मी बारक्याला फोन करते," बाई पटकन म्हणाल्या. "त्याला सगळं सांगते. माझ्या शब्दाला मान आहे त्याच्याकडे."

"कर की," म्हणून ते दुकानात निघून गेले. त्यांच्या "कर की" मध्ये काय होतं ते बाईंना चाळीस वर्षांच्या संसारानंतर बरोबर कळत होतं.

दुपारपर्यंत त्या टेबलाशी बसून राहिल्या. बारक्याचा नंबर डायरीत होता. त्यांनी फोन हातात घेतला, अर्धे आकडे दाबले आणि ठेवला. बारक्या काय म्हणेल ते त्यांना दिसत होतं. "बाई, असू द्या, तुम्ही कशाला त्रास घेता?" तो त्यांना शेवटपर्यंत बाईच म्हणेल. तिथे सांगणं सोपं होतं, म्हणूनच ते आधी सुचलं होतं. आणि मुंगीला ते कळणार कुठून? कचेरीच्या कागदावरून. आईने वह्या लपवल्या होत्या हे पोरीने शिक्का मारलेल्या कागदावर वाचायचं?

त्यांनी सहावी वही उघडली. सगळ्यांत अलीकडची. चालू वर्षाची तिची शेवटची पानं उतरवावी लागली नव्हती, त्यामुळे त्या तिथवर कधी पोहोचल्याच नव्हत्या. तिथे लाल शाई नव्हती. शेवटच्या पानावर वह्या आणून दिल्या त्या दिवशीची तारीख होती आणि पेन्सिलीने लिहिलं होतं: "कोबीची रोपं लावून झाली. वह्या आज आईला देतेय. उगाच त्रास तिला, पण देते म्हटल्यावर फोनवर किती खुश झाली. पहिल्यांदाच माझ्या अक्षराला नावं ठेवली नाहीत."

खूश हा शब्द तिने चुकीचा लिहिला होता. बाईंनी तो तसाच वाचला.

त्यानंतर वहीत काहीच नव्हतं. सात कोरी पानं.

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. या वेळी मुंगी शेडमध्ये असते, पाणी पिऊन, डबा उघडून. बाईंनी वह्या पिशवीत भरल्या, पिशवी दाराशी चपलांजवळ ठेवली. कचेरी पाचला बंद होते. आज नाही तर उद्या सकाळी जाता येईल, दोघींनी. मुंगी नको म्हणाली तर एकटीने. पण आधी तिला सांगायला हवं होतं, तिच्याच कानात, रद्दीची गोष्ट खोटी होती इथपासून.

पहिलं वाक्य काय असावं हे त्या मनात जुळवू लागल्या. "हे बघ मुंगी, तुला राग येईल, पण" हे बरं नव्हतं. "तुझ्या वह्या सापडल्या" हे तर पुन्हा खोटंच. त्यांनी आणखी दोनदा वाक्य बदललं आणि मग लक्षात आलं की आपण हेही पक्क्या वहीत उतरवतोय. जसं येईल तसं बोलायचं, असं त्यांनी ठरवलं.

मुंगीचा नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी तो एकेक आकडा दाबून लावला आणि फोन कानाला धरला. मुंगी पहिल्या दोन रिंगांना कधीच उचलत नाही. हाताची माती पुसायला तिला तेवढा वेळ लागतो.

दुसरी रिंग संपली.